अंगावरचा टाका

१

हँडल मारण्याआधी पुढच्या चाकाला दगड लावलाय का ते बघायचं. मग गिअर मोकळा आहे का ते बघायचं. मग अंगठा मुठीत न वळवता बोटांच्या बाजूनं ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं. मोटार चालू करायची ही रीत मला दादानं शिकवली. हीच रीत पाळताना तो गेला.

दगड लावलेला होता, असं सगळे सांगतात. होटगीच्या वाटेवर ईरम्माची वस्ती आहे, तिच्यासमोर उतार आहे. तिथं दगड निसटला आणि दुधाच्या कॅननी भरलेली मोटार दादाच्या अंगावर आली. ऊन चढलं होतं म्हणून त्यानं खाकी कोट काढून ईरम्माच्या पडवीत खुंटीला अडकवला होता. कोटाला काही झालं नाही.

दादाचं नाव मानसिंग. मी कोंडीबा, त्याचा धाकटा भाऊ. सोलापुरातला मार्शल लॉ उठून दुसरा उन्हाळा चालला होता. मी तेव्हा गिरणीत होतो. सुट्टीच्या दिवशी दादाशेजारी बसून मोटार शिकलो होतो.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, येईल. मी वाट बघत होतो. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर तो काही वेळ आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

तेरावं उरकलं आणि दुसऱ्या सकाळी शंकरप्पांनी बोलावलं. मोटार त्यांची, दुधाचा धंदाही त्यांचाच.

"कोंडीबा, म्हशींना सुतक न्हाय की रं," ते म्हणाले. "उद्यापास्नं तू जा. परवाना तुज्या भावाच्या नावाचा हाय. फौजदारानं अडवलं तर मानसिंग म्हणून सांग. तोंडवळा एकच हाय तुमचा."

"आन् कुणी वळखलं तर?"

"दुधाच्या मोटारीवर तोंड कोण बघतंय? हॉर्न वाजला की कॅन घेऊन येत्यात."

मला विचार करायची सवय नाही. मी हो म्हणून टाकलं आणि गिरणी सोडली.

२

गिरणीचा भोंगा झाला की निघायचं. मागं रिकामे कॅन, ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे गव्हाचं काड कोंबलेलं. ते काड वाऱ्यानं उडून सगळीकडं जायचं, केसांत, कानांत, बसायच्या गादीखाली. हे मुद्दाम आधी सांगून ठेवतो. काड असणं यात नवल काही नव्हतं.

शंकरप्पा म्हणाले ते खरं निघालं. हॉर्न वाजवला की वस्तीवरून माणसं यायची, भरलेला कॅन द्यायची, रिकामा न्यायची. मी परका आहे असं कुणाच्या तोंडावर दिसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "आज उशीर केलास, मानसिंग." त्याच्या डोळ्यांत फूल पडलेलं होतं. मी त्याचा कॅन उचलून घेतला.

शेवटची वस्ती ईरम्माची. मोटार मी उताराच्या वरच थांबवली.

ईरम्मा गोठ्यात होती. म्हातारी, कपाळभर विभूती, बोलणं निम्मं कानडी. तिची म्हैस पाय आपटत होती आणि चरवीत थेंब नव्हता. म्हशीच्या तोंडापुढं तिचं रेडकू उभं होतं. मान वाकडी, पाय ताठ, पोटाला जाड टाके. टाक्यांतून काड बाहेर आलं होतं.

"मेलं ते," ईरम्मा म्हणाली. "तुजा अण्णा गेला त्याच आठवड्यात. कातडं काढून काड भरलं. वर मीठ चोळलं की ती चाटत बसतीया आन् पान्हा सोडतीया. पर चार दिस झालं, सोडंना."

"फसवताय की तिला."

"फसवतोय व्हय?" ती हसली. "तम्मा, तिचं पोर तिला कळत न्हाय? कळतंय की. पर आचळात दूध दाटतंय, दुखतंय. ते सोडायला तिला कायतरी म्होरं लागतंय."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दादाला ती अण्णा म्हणायची.

मग तिनं सांगितलं की दादा रोज म्हशीच्या पुढं उभा राहायचा, तिच्या कपाळावर हात ठेवून. त्याची सवय झाली होती तिला. ईरम्मानं पडवीतला कोट आणून माझ्यापुढं धरला. "घाल. बघू तर."

मी घातला. खांद्यात जरा मोठा होता. विडीचा आणि पेट्रोलचा वास होता. मी म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. तिनं नाक फेंदारलं, मला खालपासून वरपर्यंत हुंगलं आणि माझा हात चाटायला लागली. मागं चरवीत धार वाजायला लागली.

म्हशीची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. मला काहीच लागलं नाही. ते घरी आल्यावर लक्षात आलं, हाताची साल गेली होती तेव्हा.

३

आमची खोली शंकरप्पांच्या गोदामामागं होती. आई दादा गेल्यापासून जेवली नव्हती. लोकांच्या आग्रहानं दोन घास तोंडात घ्यायची आणि ते तसेच गालात राहायचे. शेजारच्या बजाबाई भाकरी करून आणायच्या आणि झाकून तशीच परत न्यायच्या. "गोजराक्का, असं केल्यानं ल्योक परत येनार हाय व्हय?" त्या म्हणायच्या. आई भिंतीकडं बघायची. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टर बघून गेला आणि बजाबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

त्या दिवशी मी कोट काढायचा विसरलो. दुपारची वेळ. मी दारात उभा राहिलो तसं खोलीतलं ऊन अडलं.

"मानसिंग," आई म्हणाली. "आलास व्हय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिनं भिंतीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं होतं.

"व्हय," मी म्हणालो.

ती उठली. चुलीपाशी जाऊन बजाबाईंनी झाकून ठेवलेली भाकरी घेतली, माझ्यापुढं ठेवली, आणि समोर बसून स्वतः अर्धी खाल्ली. खाताना माझ्या तोंडावरून हात फिरवत होती. तो हात मिठाचा होता.

४

मग तसंच चालू झालं. सकाळी कोट घालून निघायचं, दुपारी कोट घालूनच घरी. आई जेवायची, अर्धी भाकरी, मग पाऊण. बजाबाईंनी देवाला नारळ फोडला.

कोट रात्रीही अंगावरच राहायला लागला. कधी काढतोय आणि कधी नाही, हे मी बघायचं सोडून दिलं.

एकदा रेडिएटरचं झाकण उघडताना वाफ आली. मी हात मागं घेतला नाही. घ्यायला पाहिजे हे कळलंच नाही. तळहाताचं कातडं पांढरं झालं, मग तपकिरी, मग वाळून कडक झालं. फोड आला नाही. आतून पाणीही आलं नाही. मी मनाशी म्हटलं, गिरणीत काम केलेले हात आहेत. घट्टे पडलेले असतात.

काड सापडायला लागलं. खिशात सापडलं, तर कॅनमधलं. अंथरुणात सापडलं, तर कोटाला चिकटून आलेलं. एका सकाळी खाकरलो आणि हातात काडीचा तुकडा आला, तर वाऱ्यानं तोंडात गेला असेल. प्रत्येक वेळी कारण होतं. मी कारण शोधायचो आणि ते मिळायचं.

भूक लागत नव्हती. आईपुढं मी भाकरी चावून गिळायचो. ती कुठं जायची कळत नव्हतं.

आणि एक दिवस ईरम्मानं चरवी उचलता उचलता सहज म्हटलं, "अण्णा, जरा बाजूला हो."

मी बाजूला झालो. वस्ती सोडून बरंच पुढं आल्यावर मला कळलं की तिनं मला कशानं हाक मारली.

५

बजाबाई बोलायला फटकळ. गल्लीत कुणी शिंकलं तरी त्यांना ठाऊक. त्या नळावर मला भेटल्या.

"आई बरी दिसतीया आता," त्या म्हणाल्या. "रंग आला तोंडावर."

"व्हय."

"पर कोंडीबा कुटं गेला रं? लई दिस झालं, दिसला न्हाय. आई आजारी आन् हा पोरगा उंडारतोय. लहानपनापास्नं असंच त्याचं. डोक्यात आलं की चालला."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. घागर कमरेवर घेऊन माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

"बजाक्का," मी म्हणालो, "दादा गेला. तेराव्याला तुमीच बुंदी पाडली."

त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, झोपेत माणूस कूस बदलतो तसं. मग त्या म्हणाल्या, "व्हय की. लई वाईट झालं बघ." आणि जाताना, "कोंडीबाला सांग, आईकडं बघ म्हनावं."

६

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी ईरम्माच्या पडवीत मी कोट काढला आणि त्याच खुंटीला अडकवला.

"म्हस दूध देनार न्हाय," ईरम्मा म्हणाली.

"न्हाय तर न्हाय."

कोटाशिवाय गाडीत नीट बसता येईना. पाठ सरळ राहत नव्हती. वळणावर मी दाराकडं कलंडायचो आणि वजनच नसल्यासारखा परत यायचो. उपाशी आहे म्हणून, असं मी म्हटलं.

घरी गेलो. "आई, मी कोंडीबा."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मागं, दाराकडं बघितलं.

"मानसिंग येऊ दे. मग बसूया जेवायला."

"दादा येनार न्हाय, आई. तुला म्हाईत हाय. तूच त्याच्या तोंडात पानी घातलंस."

ती दाराकडं बघत राहिली. संध्याकाळ झाली, ताट तसंच. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी घ्यायचंही सोडलं. ओठ फाटले. बजाबाई कापसाच्या बोळ्यानं पाणी सोडत होत्या आणि ते हनुवटीवरून खाली येत होतं. बांगड्या परत कोपराला गेल्या. मी पायाशी बसलो होतो. आई, आई म्हणत होतो. मला वाटलं आता रडू येईल. डोळे नुसते चुरचुरले, धूळ गेल्यासारखे. चोळले तर बोटाला भुसकट लागलं.

तिसऱ्या सकाळी मी हॉर्न न वाजवता, एकही कॅन न घेता सरळ ईरम्माच्या वस्तीवर गेलो. कोट खुंटीला होता. नुसता लटकत नव्हता, भरल्यासारखा दिसत होता, खांदे वर आलेले. वारा असेल आत. मी तो अंगात घातला तेव्हा पाठ आपोआप ताठ झाली.

दुपारी आई म्हणाली, "उशीर केलास, मानसिंग."

"व्हय. टायर बसला हुता."

ती जेवली.

७

उन्हाळा सरत आला. ईरम्माच्या गोठ्यातलं रेडकू खराब व्हायला लागलं होतं. चाटून चाटून पाठीचे केस गेले होते. एका कुशीला फट पडली होती आणि ईरम्मा मांडीवर घेऊन ती दाभणानं शिवत होती. म्हैस बघत होती. रागानं नाही, नुसती बघत होती.

"किती दिस चालतं हे?" मी विचारलं.

"म्हस आटंस्तवर."

"आन् मग?"

"मग काय? उकिरडा." तिनं दोरा दातानं तोडला आणि फटीवर मीठ चोळलं. "वंगाळ वाटून घिऊ नगंस, अण्णा. तवर त्याला चाटून घेतलं की तिनं. मेलेल्या रेडकाला कुटं येवढं मिळतंय?"

मी कॅन उचलायला गेलो. कॅन उचलून मागच्या फळीवर टेकवताना फळीची लोखंडी कडी कोटात अडकली. मी जोर केला. फाटल्याचा आवाज झाला, लांब, कोरडा.

कोट कुशीपाशी वीतभर फाटला होता. आतला सदराही फाटला होता. सदऱ्याखाली जे असायला पाहिजे, तिथंही तेवढीच लांब फट होती. रक्त नव्हतं. दहाचं ऊन सरळ आत पडत होतं आणि आत काहीतरी पिवळं होतं.

मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, आणि त्यावर हात ठेवला. मागच्या कॅनमधलं काड सदऱ्यात गेलं असेल. हाताखाली ते करकरलं.

ईरम्मानं सगळं बघितलं होतं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"घरी जा," ती म्हणाली. "आईला म्हन, टाका घाल."

८

लहानपणी शाळेला जाताना सदऱ्याचं बटण तुटलं की आई सदरा काढायलाही वेळ द्यायची नाही. अंगावरच शिवायची. पण आधी म्हणायची, "तोंडात काडी धर." अंगावर टाका फक्त मेलेल्याला घालतात. जिवंत माणसानं दातात काडी धरली म्हणजे दोष लागत नाही. दादा काडी दातात धरून मला डोळे मिचकवायचा, आणि मी हसलो की आई दोघांना एकेक धपाटा द्यायची. माझी शाळा दुसरीत सुटली. त्या शाळेतलं काही आठवत नाही, हे आठवतं.

मी घरी आलो तेव्हा आई उंबऱ्याशी ज्वारी निवडत बसली होती. अंगानं भरली होती. बांगड्या मनगटावर बसल्या होत्या.

"आई, कोट फाटला."

तिनं सूप बाजूला ठेवलं. फडताळातून गोधडीची सुई आणि जाड दोरा काढला. "हिकडं ये. उजेडाला बस."

मी बटणं काढायला लागलो.

"नगं काढू," ती म्हणाली.

मी बसलो. तिनं माझा हात फटीवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. आत बघितलं. तिच्या तोंडावर काहीच हललं नाही. बाहेर आलेलं तिनं बोटानं आत सारलं आणि दोन्ही कडा चिमटीत धरल्या.

"आई, काडी."

तिला ऐकू गेलं नाही. सुई कोटातून गेली, सदऱ्यातून गेली आणि आणखी आत गेली. निम्मी सुई दिसेनाशी होत होती आणि परत वर येत होती. मला काही लागत नव्हतं. दोरा ओढला की कुशीत नुसतं आवळल्यासारखं व्हायचं. बाहेर गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. मी जरा दचकलो असेन.

"हलू नगंस, कोंड्या," आई हळूच म्हणाली.

कोट घातल्यापासून मला माझ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे टाक्यावर होते, स्वच्छ होते. मला ईरम्माची म्हैस आठवली. कळत न्हाय व्हय? कळतंय की.

व्हय आई, असं मला म्हणायचं होतं. जीभ कशाला तरी अडली. मी तोंडाकडं हात नेला. दातांत काडी होती. मी ती धरली नव्हती. चिमटीत पकडून ओढली, ती आली, आणि येतच राहिली, मागून दुसरी, तिला गुंतलेली तिसरी.

आईनं माझा हात धरून खाली घेतला. जे बाहेर आलं होतं ते तिनं बोटानं परत आत लोटलं, सावकाश, गालांपर्यंत भरून. पदरानं माझं तोंड पुसलं. मग वाकून कुशीपाशी दोरा दातानं तोडला, आणि उठताना माझ्या कपाळाला ओठ लावले. ओठ तिथं जरा जास्तच राहिले. खरखरीत होते.

"चल, मानसिंग," ती मोठ्यानं म्हणाली, गल्लीत ऐकू जाईल असं. "भाकरी वाढते."

तिनं दोन ताटं घेतली. मी भिंतीला टेकून बसून राहिलो.

आई दीड भाकरी जेवली.